गोडाऊनचा माणूस मॅनेजर होतो तेव्हा: लॉजिस्टिक्समध्ये नक्की काय यावं लागतं?



या आठवड्याच्या व्हिडिओत लॉजिस्टिक्स मॅनेजरला काय काय यायला हवं यावर बोललो. वेळेत जेवढं बसलं तेवढं सांगितलं. पण एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगायची टाळली, कारण त्यात चूक माझी आहे. ती इथे लिहितो. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं पुस्तकी वाटतं.

कराडला आमचं पंखे, कूलर, मिक्सर, गिझर, पाण्याच्या मोटरी असं दुकान आहे. मागे गोडाऊन. त्या गोडाऊनला सात वर्षं एक दादा होते. लाईट गेली तरी अंधारात हात घालून बरोबर तोच खोका काढायचे. कुठल्या मॉडेलचे किती नग शिल्लक आहेत हे कॉम्प्युटरच्या आधी त्यांना माहीत. पुढे आम्ही आसपासच्या गावांतल्या छोट्या दुकानांनाही माल द्यायला लागलो, पसारा वाढला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "दादा, आजपासून तुम्ही मॅनेजर. ऑर्डर टाकणं, गाडी, उतराई, पुढे पोचवणं, सगळं तुमच्याकडे." पगार वाढवला, नवा मोबाईल घेऊन दिला आणि मी मोकळा झालो.

शिकवलं काय? काहीच नाही. सात वर्षं माल हाताळतायत म्हणजे येतच असणार, असं धरून चाललो.

२०२५ चा उन्हाळा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन उन्हात, आमच्याकडचे कूलर संपले. नऊ दिवस दुकानात एक कूलर नव्हता. गिऱ्हाईक यायचं, रिकामी जागा बघायचं आणि समोरच्या दुकानात जायचं. शेवटी गाडी आली तर ६० पैकी ७ कूलरच्या टाक्या तडकलेल्या. ट्रान्सपोर्टने भरपाई द्यायला नकार दिला. मग घाबरून दादांनी पुढची ऑर्डर दुप्पट टाकली. ती आली मेच्या मध्यावर, आणि त्या वर्षीचा मे तुम्हाला आठवत असेल! महिनाभर पाऊस, २४ मे ला मान्सून केरळात, २६ मे ला मुंबईत. ९४ कूलर गोडाऊनमध्ये बसून राहिले.

जूनमध्ये दादा म्हणाले, "शेठ, मला परत खोकी उचलायला द्या. हे माझ्याच्यानं होत नाही." मी डोक्यात राख घालून काहीतरी बोललो. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

नंतर राग उतरला तेव्हा वही घेऊन बसलो आणि लिहून काढलं, की दादांना नक्की काय येत नव्हतं. लिहिता लिहिता लक्षात आलं की त्यातलं निम्मं मलाही नीट येत नव्हतं.

नग मोजता येतात, दिवस मोजता येतात का?

दादांची पद्धत साधी होती. थप्पी कमी दिसली की फोन लावायचा. वर्षातले दहा महिने ही पद्धत चालते, म्हणून तर तिच्यावर विश्वास बसतो. सीझनला ती मारते.

कारण फोन लावल्यापासून माल विकायला तयार होईपर्यंत किती दिवस जातात, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. याला लीड टाईम म्हणतात. बरेच जण लीड टाईम म्हणजे गाडीचा प्रवास एवढंच धरतात. तसं नाही. पैसे पाठवले, ते जमा झाले, कंपनीने बिल केलं, माल लोड व्हायला नंबर लागला, गाडी निघाली, आली, उतरली, मोजली, सिस्टीमला चढवली. यातला प्रत्येक टप्पा दिवस खातो. आमचा माल राजकोटच्या बाजूने येतो, हजारेक किलोमीटर. जानेवारीत ऑर्डर टाकली तर सात दिवसांत माल दारात. एप्रिलमध्ये तीच ऑर्डर बारा दिवस घेते, कारण सगळ्या महाराष्ट्राने तिथे रांग लावलेली असते. रस्ता तोच, गाडी तीच, दिवस वेगळे.

आता हिशोब बघा. एप्रिलमध्ये आमचे सरासरी ६ कूलर रोज जातात. सात दिवसांचे झाले ४२. म्हणजे ४२ नग उरले की ऑर्डर टाकायची, असं वाटेल. पण ऊन चढलं की रोजचे १० जातात, आणि त्याच वेळी गाडी बारा दिवस घेते. म्हणजे लागणार १२०. हा ४२ आणि १२० मधला ७८ नगांचा फरक म्हणजे सेफ्टी स्टॉक. दादांनी फोन लावला तेव्हा आमच्याकडे ३० नग होते. ते तीन-चार दिवसांतच गेले आणि गाडी यायला त्यापुढे नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस कुठून आले, ते यात दिसतं.

मग १२० नग ठेवायचे का? आमच्या गोडाऊनमध्ये १२० कूलर मावतच नाहीत. कूलर म्हणजे निम्मी हवा, जागा खाणारा माल. इथे सूत्र संपतं आणि मॅनेजरचं काम सुरू होतं. फेब्रुवारीतच तीन हप्त्यांची ऑर्डर तारखांसकट देऊन ठेवायची. मोठ्या गाड्या थेट कंपनीकडून आणि मधली खाच भरायला २०-२५ नग जवळच्या डिस्ट्रिब्युटरकडून, असं ठरवायचं. कमी चालणारी दोन मॉडेल्स सीझनपुरती बंद करून तीच जागा चालणाऱ्या मॉडेलला द्यायची. आम्ही या वर्षी हेच केलं.

(बीबीएला असताना किती नग एका वेळी मागवावेत याचं वर्गमुळाचं सूत्र होतं. हॅरिस नावाच्या इंजिनिअरने १९१३ मध्ये मांडलेलं. परीक्षेत मला त्यावर चांगले मार्क पडले होते. दुकानात ते सूत्र मी आजवर एकदाही वापरलेलं नाही, कारण त्यात रोजची विक्री ठरलेली धरतात. कराडच्या उन्हाला ते कुणी सांगितलेलं नाही.)

तुम्ही आजच करू शकाल असं एक काम सांगतो. वहीत चार रकाने आखा: सप्लायर, ऑर्डरची तारीख, कबूल केलेली तारीख, माल खरंच आला ती तारीख. वर्षभर लिहा. पुढच्या वर्षी सप्लायर फोनवर "परवा पाठवतो" म्हणाला की वही उघडायची. त्याचा परवा किती दिवसांचा असतो, ते तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

घाबरून दुप्पट

माल संपल्यावर दादांनी दुप्पट ऑर्डर टाकली, हे माणूस म्हणून अगदी साहजिक आहे. पण त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या प्रत्येक दुकानाने तेच केलं असणार. दहा दुकानांनी दुप्पट मागितलं की डिस्ट्रिब्युटरला वाटतं, मागणी प्रचंड वाढली. तो कंपनीकडे तिप्पट मागतो. कंपनी मोटरी आणि प्लास्टिक त्याहून जास्त मागवते. प्रत्यक्षात गिऱ्हाईक वाढलं होतं थोडंसंच. चाबकाची मूठ जराशी हलवली तरी टोक केवढं फटकारतं, तसं. म्हणूनच याला बुलव्हिप इफेक्ट असं नाव पडलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६० च्या दशकापासून बिअर गेम नावाचा खेळ खेळवतात. त्यात दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना अशा चार जागांवर माणसं बसवतात. मागणी सुरुवातीला एकदाच थोडी वाढते आणि नंतर सारखीच राहते. तरीही कारखान्याच्या जागेवर बसलेल्याचा स्टॉक आधी शून्याखाली जातो आणि मग डोंगराएवढा होतो. शिकलेसवरलेले लोकही दर वेळी फसतात, कारण प्रत्येक जण फक्त आपल्या शेजाऱ्याची ऑर्डर बघतो, शेवटच्या गिऱ्हाईकाकडे कुणीच बघत नाही.

यातून शिकायचं काय, तर ऑर्डर टाकताना मागच्या ऑर्डरकडे किंवा रिकाम्या जागेकडे बघायचं नाही. गिऱ्हाईकाने खरंच किती नेले, त्याकडे बघायचं. आणि 'वाटेत' असलेला माल स्टॉकमध्ये धरायला शिकायचं. दादांनी दुप्पट मागवली तेव्हा आधीची ६० नगांची गाडी रस्त्यावरच होती. ती त्यांनी मोजली नव्हती, कारण ती दिसत नव्हती. सात वर्षं दिसणाऱ्या मालावर काम केलेल्या माणसाला न दिसणारा माल मोजायला कुणीतरी शिकवावं लागतं. ते माझं काम होतं.

स्वस्त पडलं म्हणजे किती पडलं?

आता पैशाचं. डिस्ट्रिब्युटर तोच कूलर दारात पोच ५,४५० ला देत होता. कंपनीकडून थेट घेतला तर ४,९००. नगामागे ५५० रुपये वाचतात म्हणून मीच म्हटलं, थेट घ्या. (सगळे आकडे जीएसटी सोडून.)

६० नगांच्या गाडीचं भाडं २४,०००, म्हणजे नगाला ४००. उतराई १,२००, म्हणजे नगाला २०. पैसे आधी भरायचे, माल विकून परत यायला सरासरी एक महिना. २,९४,००० वर वर्षाला १२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज २,९४०, नगाला ४९. बेरीज ५,३६९. म्हणजे ५५० नाही, वाचले फक्त ८१ रुपये. हे सगळं सुरळीत झालं तर!

आमच्या गाडीत ७ तडकले. ते निम्म्या किमतीत काढले. नगामागे २,४५० गेले, एकूण १७,१५०. ते साठांवर वाटले तर २८६. आता किंमत झाली ५,६५५. डिस्ट्रिब्युटरपेक्षा २०५ रुपये महाग.

आणखी एका बाजूने बघा. नगामागे ८१ वाचत असतील तर एका तडकलेल्या कूलरचे २,४५० भरून काढायला तीस कूलर धड यावे लागतात. याचा अर्थ थेट घेऊ नका असा नाही. याचा अर्थ असा, की मॅनेजरला बिलावरची किंमत आणि दारातली किंमत यातलं अंतर कागदावर मांडता आलं पाहिजे. मालक किंवा सेल्सवाला "स्वस्त मिळतंय, उचला" म्हणतो तेव्हा समोर कागद ठेवून नाही म्हणता आलं पाहिजे. दादा मला कसं नाही म्हणणार होते? त्यांच्याकडे आकडा नव्हता, आणि मी शेठ होतो.

सही करण्याआधी

भरपाई का नाकारली? कारण दादांनी बिल्टीवर नुसती सही करून शिक्का मारला. "माल मिळाला" एवढंच. ड्रायव्हर घाईत होता, मागे दुसरी गाडी उभी होती, खोके बाहेरून चांगले दिसत होते. तडे दुसऱ्या दिवशी खोके उघडल्यावर दिसले. तोवर कागद सांगत होता की माल चांगला मिळाला.

करायचं असं. गाडीचा फाळका उघडतानाच फोटो. दबलेला, ओला, फाटलेला खोका दिसला की तो ड्रायव्हरसमोर उघडायचा. आणि बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर हाताने लिहायचं, "७ नग टाकी तडकलेली", खाली ड्रायव्हरची सही. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू दे. सगळे खोके उघडणं शक्य नसतं, तेव्हा निदान "आतला माल न तपासता घेतला" एवढं तरी लिहायचं. रस्त्याने माल वाहून नेण्याचा २००७ चा कायदा आहे. त्यानुसार दावा लावण्याआधी ट्रान्सपोर्टला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. तोंडी भांडण धरत नाहीत. आमचं सगळं भांडण फोनवर झालं होतं.

दुसरा कागद ई-वे बिल. राज्याबाहेरून येणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला ते लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. बहुतेकांना एवढं माहीत असतं. विसरलं जातं ते त्याचं आयुष्य: साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. हजार किलोमीटरला पाच दिवस. वाटेत गाडीचा पाटा तुटला, दोन दिवस गॅरेजला गेले, आणि मुदत संपली तर गाडी पुढे काढणं धोक्याचं. मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच. गाडी बदलली तर पार्ट बी मध्ये नवा नंबर टाकावा लागतो. यात चूक झाली आणि गाडी अडवली, तर मालाचा मालक पुढे आला तरी दंड कराच्या दुप्पट होऊ शकतो. हे काम ट्रान्सपोर्टचं आहे असं म्हणून चालत नाही, माल आपला असतो. मुदतीची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरला टाका, झालं.

आणि वाराई कोण देणार, भाडं पेड की टू-पे, गाडी किती तास उभी राहिली की हॉल्टिंग लागणार, हे बुकिंगच्या वेळीच मेसेजवर लिहून घ्या. दारात गाडी उभी असताना यावर बोलणी केली की आपण हरतोच.

सॉफ्टवेअरबद्दल खूप जण विचारतात. माझं मत, वर्षाला शंभर गाड्यांच्या आत असाल तर एक्सेल पुरे. वही नीट नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये तीच गडबड फक्त रंगीत दिसते.

वाईट बातमी आधी

हे शेवटी ठेवलंय, पण मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

जानेवारी २०२४ आठवा. हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. आमची गिझरची गाडी ऐन थंडीत अडकली. मी टीव्हीवर बघून चकित झालो. नंतर बोलता बोलता दादा म्हणाले, "डिसेंबरातच एक ड्रायव्हर चहा पिताना बोलला होता, की एक तारखेला गाड्या बंद राहतील." मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत."

त्या वेळी मी हसलो होतो. हसायला नको होतं. दादांकडे बातमी होती, कारण ते ड्रायव्हरला चहा पाजायचे, हमालांशी नीट बोलायचे, रात्री आलेल्या माणसाला झोपायला जागा द्यायचे. हे कौशल्य कुठल्याही कोर्सला मिळत नाही आणि ते त्यांच्याकडे भरपूर होतं. नव्हती ती सवय, की ऐकलेली गोष्ट वेळेत पुढे सांगायची. आणि ती सवय नव्हती, कारण आमच्याकडे वाईट बातमी आणणाऱ्याला मीच झापायचो. एप्रिलमध्ये कूलर संपतायत हे त्यांना दोन दिवस आधी दिसलं होतं. ते मला म्हणाले नाहीत. स्वतःच इकडे तिकडे फोन करत, जमतंय का बघत राहिले. त्या दोन दिवसांत मी डिस्ट्रिब्युटरकडून वीस नग उचलू शकलो असतो. मागच्या गावच्या दुकानदारांना सांगू शकलो असतो, "भाऊ, तुमचा माल सोमवारी नाही, पुढच्या शुक्रवारी येईल." गिऱ्हाईक उशीर सहन करतं. अंधारात ठेवलेलं सहन करत नाही.

म्हणून आता आमच्याकडे रोज सकाळी साडेनऊला पाच मिनिटं उभ्या उभ्या बोलणं होतं. तीनच प्रश्न. कुठली गाडी कुठे आहे? काय अडणार आहे? कुणाला कळवायचं राहिलंय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काही नाही" असं लागोपाठ तीन दिवस आलं, तर मी समजतो की कुणीतरी लपवतंय किंवा कुणी बघितलंच नाहीये. आणि वाईट बातमी सांगणाऱ्याला त्या पाच मिनिटांत कुणी ओरडायचं नाही, हा नियम मला स्वतःला पाळायला सगळ्यात जड जातो. गेल्या महिन्यातच दोनदा मोडला.

दादांचं काय झालं? मी जानेवारीत त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. परत या म्हटलं. ते म्हणाले, "आता नको शेठ, तिथं बसलीय गाडी रुळावर." ते एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागले होते. तिथल्या मालकाने पहिला महिनाभर त्यांना शेजारी बसवून शिकवलं, असं कळलं. एक महिना. माझ्याकडून सात वर्षांत तेवढं झालं नाही.

परवा दुपारी फोन वाजला. दादाच. "शेठ, तुमची पंख्यांची गाडी आमच्याकडून येतीय. खंबाटकीच्या घाटात जाम आहे, संध्याकाळी सातच्या आत पोचत नाही. हमाल पाचला बोलवले असतील तर सांगा त्यांना. आणि वरच्या थरातले चार खोके दबलेत, लोडिंगचे फोटो पाठवलेत, उतरवताना बिल्टीवर लिहून घ्या."

मी हमालांना साडेसातची वेळ दिली. गाडी सात वाजून दहा मिनिटांनी आली. चार खोके दबलेले होते, पंखे तीन चांगले निघाले, एकाचं पातं वाकलं होतं. बिल्टीवर लिहिलं.

चार रकान्यांची ती वही आणि दारातल्या किमतीचा हिशोब, दोन्ही एक्सेलमध्ये कसे मांडायचे ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो. येताना तुमच्या शेवटच्या तीन गाड्यांच्या बिल्ट्या काढून ठेवा, आकडे त्यातलेच घालू.